सहावा खांदा

"फॅमिली ओन्ली."

हे दोन शब्द माझ्या तोंडातले. दुसऱ्या कुणी म्हटले असते तर मी त्याला आयुष्यभर शिव्या दिल्या असत्या. पण मीच म्हटले. माझ्या बायकोच्या मयताला, क्रिमेटोरियमच्या दारात, फेब्रुवारीच्या थंडीत.

गाडी आली होती. पेटी अर्धी बाहेर ओढलेली. इथं पेटीला सहा खांदे लागतात, तीन या बाजूला, तीन त्या बाजूला. पाच जण उभे होते. सहाव्या जागी डेसमंड येऊन उभा राहिला. काळा सूट. चकचकीत बूट. हातात पांढरे हातमोजे, त्यांच्या चर्चमध्ये पेटी उचलताना घालतात तसले. एक घातला होता, दुसरा घालत होता.

डॉक्टर माझ्या कानाशी आले. डॉक्टर म्हणजे आमच्या ब्रिस्टलच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. हळू आवाजात म्हणाले, "अहो, खांद्याला आपली माणसं असू देत. त्यांना जरा मागं थांबायला सांगा. तुम्हीच सांगा, म्हणजे वाईट वाटणार नाही."

मी गेलो. म्हणालो, "डेसमंड, यू स्टँड बॅक, प्लीज. फॅमिली ओन्ली."

तो माझ्याकडं बघत राहिला. घातलेला मोजा काढायला लागला. एकेक बोट सोडवून काढला. दोन्ही मोजे घडी घालून खिशात ठेवले आणि मागं जाऊन भिंतीला लागून उभा राहिला.

त्याच्या जागी डॉक्टरांचा भाचा आला. पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीवर येऊन त्याला तीन आठवडे झाले होते. त्यानं सुमनला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पेटी उचलताना मला विचारतो, "काका, कुठला पाय आधी टाकायचा?"

ती आमची फॅमिली.

डेसमंड कोण ते सांगतो.

सुमन शिकलेली होती. मिशनच्या दवाखान्यात नर्स झालेली. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिच्यामागनं मी आलो, नवरा म्हणून. मी सातवी नापास. मला त्याच हॉस्पिटलात पोर्टर केलं. पोर्टरचं काम म्हणजे ट्रॉली ढकलायची. वॉर्डातनं एक्स-रेला, एक्स-रेतनं परत वॉर्डात, आणि माणूस गेला तर खाली तळघरात. इंग्लिश मला येत नव्हतं. पहिल्या दिवशी डेसमंडनं हातांनी खुणा करून शिकवलं. पेशंटचे पाय पुढं, डोकं आपल्याकडं. मेलेला असला तरी तसंच. "त्यालाही दिसलं पाहिजे कुठं चाललाय ते," असं म्हणायचा आणि हसायचा.

तो काळा माणूस, नऊ वर्षांचा असताना जमैकावरनं इथं आईबापाकडं आलेला. सव्वीस वर्षं आम्ही एका खोलीत डबा खाल्ला. त्याच्या भाताला खोबऱ्याचा वास यायचा. माझी चपाती तो घडी घालून सँडविचसारखी खायचा.

आमच्या नोकरीला सात-आठ वर्षं झाली असतील. हाडांच्या वॉर्डात एक म्हातारी गोरी बाई होती. तिला एक्स-रेला न्यायचं होतं. डेसमंडनं ट्रॉलीला हात लावला. बाई नर्सला म्हणाली, "नॉट हिम, लव्ह. द अदर वन."

द अदर वन म्हणजे मी.

नर्स खाली बघायला लागली. डेसमंडनं हात काढला. कुणीतरी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी ट्रॉली धरली.

खरं सांगतो, धरताना मला वाईट वाटलं नाही. आत कुठंतरी बरं वाटलं. जन्मल्यापासून दोघांतला वाईट तो मीच असायचो. विहिरीवर, शाळेत, लग्नाच्या पंगतीत. त्या दिवशी पहिल्यांदा मी दोघांतला बरा ठरलो होतो. लिफ्टमध्ये त्या बाईनं मला विचारलं, तू इंडियातला ना? मी मान डोलावली. ती म्हणाली, तुमची माणसं स्वच्छ असतात.

माझी माणसं! माझी आई गावाची मेलेली जनावरं ओढणाऱ्या घरातली. तिची सावली पडली तर लोक पाणी शिंपडायचे. आणि मी लिफ्टमध्ये हसलो.

घरी येऊन मी ते सुमनला मजा म्हणून सांगितलं. ती भात कालवत होती. हात थांबला.

"आणि तुम्ही धरली?"

"मग काय करू? पेशंट होती."

"गावाकडं तुम्हाला बाहेर कोण बसवायचं, विसरला का हो?"

दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

डेसमंडची थोरली बहीण अमेरिकेत, जॉर्जियात. तिकडं तो दोन-चार वर्षांनी जायचा. येऊन आमच्या पोर्टरांच्या खोलीत सांगत बसायचा. तिकडं मतदानाला तिला रांगेत किती तास उभं केलं. गाडी अडवली की पोलिसांना दिसतील असे हात वर कसे ठेवायचे. मी म्हणायचो, "बरं झालं बाबा तू इथं आलास. इथं अमेरिकेसारखं नाही."

हे वाक्य माझं नव्हतं. मंडळातलं होतं. गणपतीत, दिवाळीत, कुणाच्याही घरी जेवायला बसलं की अमेरिकेची बातमी निघायची. पोलिसांनी परत एका काळ्या माणसाला मारलं. मग डॉक्टर म्हणायचे, "अमेरिका म्हणजे जंगल आहे. इथं सिस्टिम आहे. आपल्याला कधी कुणी काही म्हटलंय का?" आणि पुरणपोळीवर तूप घेऊन पुढं म्हणायचे, "अर्थात त्या लोकांचंही थोडं चुकतंच." त्या लोकांचं. मी खुर्च्या लावता लावता मान हलवायचो.

एकदा डेसमंडनं ड्युटी संपल्यावर मला बंदरावर नेलं. टेकडीवरची मोठी मोठी घरं दाखवली. रांगच्या रांग, पिवळ्या दगडाची. म्हणाला, "ही साखरेची घरं, ब्रदर. माझ्या पणज्यांच्या पणज्यांनी बांधली. त्यांनी ही कधी बघितली नाहीत."

मला कळलं नाही. मग त्यानं नीट सांगितलं. जहाजं इथनं निघायची. आफ्रिकेतनं माणसं उचलायची, समुद्रापार उसाच्या मळ्यात विकायची, आणि परत येताना जहाजात फक्त साखर असायची.

"अमेरिकेनं मळा घराच्या मागच्या दारात ठेवला," तो म्हणाला. "माणसं दिसायची. मारलेलं ऐकू यायचं. म्हणून आज ते भांडतात तरी. इंग्लंडनं मळा समुद्रापलीकडं ठेवला. घरात आली ती नुसती साखर. म्हणून हे म्हणतात, आम्ही कुठं काय केलं?"

आणि म्हणाला, "माझा बाप नोकरी मागायला गेला. दारावर पाटी होती, माणसं पाहिजेत. आतला माणूस म्हणाला, सॉरी, जागा भरली. बाहेर आला तरी पाटी तिथंच. जॉर्जियात माझ्या मेव्हण्याला शिवी देऊन हाकललं. माझ्या बापाला सॉरी म्हणून. सांग, घरी येऊन बायकोला काय सांगणं सोपं?"

मी तेव्हा नुसता हूं म्हणालो. बसमध्ये बसल्यावर आमचं गाव आठवलं. आमची वस्ती गावाच्या बाहेर, वारा ज्या अंगाला जातो त्या अंगाला. गावातली भली माणसं म्हणायची, "आमच्यात भेद नाही हो. ते त्यांचं त्यांचं राहतात." त्यांनाही वास येत नव्हता. त्यांच्याही घरात नुसती साखर.

आठवलं आणि मी ते दाबून टाकलं. कारण मी त्यांच्यातलाच एक होऊन बसलो होतो.

ते असं झालं. आमचं आडनाव गावावरनं पडलेलं, शेवटी कर लागलेलं. त्यावरनं जात कळत नाही. इथं आल्यावर पहिल्या वर्षी मंडळात सत्यनारायण होता. भटजींनी एकेकाला गोत्र विचारलं. माझ्यापाशी आले. मी हातातल्या अक्षता मोजायला लागलो. शेजारी डॉक्टर बसलेले, तेव्हा ते तरुण होते. ते हसून म्हणाले, "कश्यप म्हणा. माहीत नसलं की कश्यपच म्हणतात."

मी म्हणालो, कश्यप. आणि तेव्हापासून मी कश्यप. सुमन पुढं मंडळात जायचीच नाही, ड्युटी आहे म्हणायची. आमच्या वस्तीत घरोघरी असतो तो फोटो, कोट, चष्मा, हातात पुस्तक, तो तिनं लग्नात माहेरून आणलेला. मी तो भिंतीवर लावू दिला नाही. कुणी आलं तर? तिनं कपाटाच्या दाराला आतनं लावला. रोज सकाळी साडी काढायला दार उघडलं की हात जोडायची. दार बंद केलं की आम्ही परत कश्यप.

मग अमेरिकेत पोलिसांनी मारलेल्या एका काळ्या माणसासाठी इथंही मोर्चा निघाला, आणि या शहरातल्या एका जुन्या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा लोकांनी पाडला आणि ओढत नेऊन बंदरात ढकलला. डेसमंडचा फोन आला. तो हसत होता की रडत होता कळेना. त्याच वेळी मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर डॉक्टरांनी लिहिलं, "अमेरिकेचं खूळ इथंही आलं. असे लोक देशाचं वाटोळं करतात." खाली सगळ्यांचे अंगठे. मीही अंगठा टाकला.

सुमननं बघितलं. "अंगठा कशाला दाखवला?"

"सगळ्यांनी टाकला म्हणून."

"तुमच्या बापानं अंगठे उठवले, त्याला लिहिता येत नव्हतं. तुम्हाला येतं," म्हणाली.

सुमन दीड वर्ष आजारी होती. शेवटचे पाच महिने उठता येत नव्हतं. मुलगी स्मिता लेस्टरला, तिचं औषधाचं दुकान, रविवारी यायची. मंडळातनं दोनदा फुलं आली आणि एकदा डॉक्टरांचा फोन. डेसमंड दर गुरुवारी यायचा. चिकनचं सूप घेऊन. माझे गुडघे गेलेले, मला तिला उचलता येत नव्हतं. तो तिला पलंगावरनं खुर्चीत, खुर्चीतनं पलंगावर ठेवायचा. तिला लाज वाटू नये म्हणून उचलताना मोठ्यानं म्हणायचा, "ट्रॉली फॉर सिस्टर सुमन! मेक वे!" ती हसायची. त्या पाच महिन्यांत तेवढ्यालाच हसायची.

जायच्या आधी दहा-बारा दिवस मला म्हणाली, "ऐका. मला न्यायला डेसमंडचा खांदा पाहिजे. त्याला ठाऊक आहे मला कसं धरायचं."

मी हो म्हणालो. स्मिता तिथंच होती.

क्रिमेटोरियमहून परत येताना स्मिता गाडी चालवत होती. सिग्नलला थांबली तेव्हा म्हणाली, "बाबा, तुम्ही अंकलला काय सांगितली?"

मी सीटबेल्टचा पट्टा ओढून नीट केला.

"आईचा एकच इच्छा होता, बाबा. एकच." तिचं मराठी असंच आहे, इथं जन्मलेलीचं. "डिड यू सेंड हिम अवे?"

मी खिडकीबाहेर बघितलं. सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न दिला. तिनं गाडी हलवली नाही. "आन्सर मी, बाबा."

"हो," म्हणालो.

त्यानंतर ती घरापर्यंत बोलली नाही. आईवर गेलीय.

तेराव्याला मंडळी घरी आली. सगळं डॉक्टरांनी ठरवलेलं. मी नको म्हटलं नाही, मला म्हणायला तोंड नव्हतं. पुढच्या खोलीत सोफा सरकवून भटजींना जागा केली. सुमनचा फोटो, हार, समई. बारा-तेरा माणसं. भटजी तरुण होते, लंडनहून ट्रेननं आलेले. त्यांनी विचारलं, "काका, गोत्र?"

मी बोलायच्या आधीच डॉक्टर म्हणाले, "कश्यप, कश्यप. चला, उशीर होतोय."

मला एकदम तो मोजा दिसला. एकेक बोट सोडवून काढलेला.

मी उठलो. गुडघे धरून जिना चढलो. खाली कुणीतरी म्हणालं, भरून आलं असेल. मी कपाट उघडलं. तिच्या साड्या तशाच होत्या. दाराचा फोटो काढला, खिळ्यानं हाताला लागलं. खाली आलो आणि सुमनच्या फोटोशेजारी तो फोटो ठेवला.

म्हणालो, "भटजी, गोत्र नाही. आम्ही गावकुसाबाहेरचे. ही पण आणि मी पण. मंडळात मी खोटं बोललो. आता पूजा नको."

मला वाटलं, आता उठतील. शिव्या देतील. मी तयार होतो.

डॉक्टर उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि अगदी मायेनं म्हणाले, "अहो, माहीत होतं आम्हाला."

"काय माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षी. तुमच्या गावच्या बाजूचे एक जण निघाले, त्यांना विचारलं होतं. पण कधी बोललो का आम्ही? कधी वेगळं वागवलं? इथं तसलं काही नसतं हो. उगाच मनाला लावून घेऊ नका."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी तिथंच उभा राहून मनानं मागं मागं जात होतो. एवढ्या वर्षांचे गणपती. मी खुर्च्या लावल्या. मी गाड्या लावून घेतल्या. मी हॉल झाडला, पिशव्या बाहेर नेल्या. मला वाटायचं, विश्वासाचा माणूस म्हणून माझ्याकडं दिलंय. मोदकाच्या पातेल्याला मला कधी हात लावू दिला नव्हता. पंगतीत वाढायला कधी बोलावलं नव्हतं. एकदा मी वरणाचं भांडं उचललं तर डॉक्टरांच्या मिसेस, वहिनी, धावत आल्या, "अहो राहू दे, तुम्ही दमला असाल, बसा." दमला असाल! किती गोड बोलल्या होत्या. मी सुमनला येऊन सांगितलं, किती काळजी घेतात माझी. ती माझ्याकडं बघत राहिली होती. तिला तेव्हाच कळलं होतं. मी तोंडावर पडीन म्हणून बोलली नसेल.

सॉरी, जागा भरली. बाहेर पाटी तशीच.

मी डॉक्टरांचा हात खांद्यावरनं काढला. "तुम्हाला माहीत होतं, तरी मला कश्यप म्हणायला लावलंत?"

"अहो, तुमच्याच सोयीसाठी."

"आणि डेसमंडला मागं काढलंत ते?"

"ते वेगळं. आपल्या रीतीप्रमाणं..."

"रीतीप्रमाणं मी पण मागंच उभा राहायला पाहिजे होतं. भिंतीला लागून, त्याच्या शेजारी," मी म्हणालो. "जेवण तयार आहे. जेवायचं त्यांनी या फोटोसमोर जेवा. नाहीतर दार उघडं आहे."

तीन माणसं जेवली. भटजी त्यातले एक, हे सांगितलं पाहिजे. भाचा दाराशी घुटमळला, मग मामाच्या मागनं गेला. बाकीचे कोट घालताना मला सॉरी म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी बस धरून डेसमंडकडं गेलो. त्यानं दार उघडलं. आत ये म्हणाला नाही. मला पायरीवरच उभं ठेवलं. मी जे झालं ते सगळं सांगितलं. कश्यप, फोटो, खुर्च्या, सगळं. माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये वेळ लागला. माझी जात मी त्याला कधी सांगितली नव्हती. सव्वीस वर्षं डबा एकत्र खाऊन.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे तुला ठाऊक होतं. मागं उभं राहायला सांगितलं की कसं वाटतं, ते या शहरात तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. आणि तरी तू सांगितलंस."

"हो."

"वॉर्डातल्या गोऱ्या बाईचं काय करायचं ते मला लहानपणीच शिकवलं होतं. तुझं काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं."

मी मान खाली घातली.

"माझ्या बहिणीला मी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडं कुणी असं केलं असतं तर ओरडून केलं असतं. मी म्हटलं, नाही, हा प्लीज म्हणाला." तो हसला. ते हसू मला बघवलं नाही. "यू सेड प्लीज, ब्रदर. तू पक्का इंग्लिश झालास."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुला पाहिजे की मी म्हणावं, चालेल, जाऊ दे. मी म्हणणार नाही. मी सुमनला दर गुरुवारी उचललं. एकदाच, शेवटचं, उचलायचं होतं. ते आता परत होत नाही."

दार लावलं. आदळलं नाही. हळू लावलं.

मी बसस्टॉपवर बसलो. मला वाटायचं, लाज काय असते ते मला ठाऊक आहे. लहानपणी दुसऱ्यांनी दिलेली लाज मी पाठीवर वाहिली, ती कधीतरी उतरवता येते, ती त्यांची असते. ही माझी आहे. ही मी माझ्या हातानं केली. ती उतरवायची नाही, असं मी ठरवलंय. उतरवली की मी परत खुर्च्या लावायला जाईन.

फोटो आता पुढच्या खोलीत आहे, खिडकीच्या समोर, रस्त्यावरनं दिसतो असा. मंडळाचा ग्रुप सोडला. सोडताना काय झालं, ते सगळं लिहिलं. फॅमिली ओन्ली पण लिहिलं. अंगठा टाकला नाही.

आणि स्मिताला बसवून माझ्या मयताचा कागद केला. भटजी नको. गोत्र नको. सहा खांद्यांची नावं. पहिलं नाव तिचं. ती म्हणाली, "बाबा, बायका खांदा देत नाही ना?" म्हटलं, तू देशील. चार नावं अजून लिहिली. सहावं डेसमंडचं.

"अंकल नाही आला तर?"

"नाही आला तर जागा रिकामी ठेवायची. पाच जणांनी न्यायचं. पेटी एका बाजूला कलली तरी चालेल. लोक विचारतील, कशानं कलली? त्यांना सांगायचं, का ते. पण त्या जागेवर दुसऱ्या कुणाला उभं करायचं नाही."

तिनं लिहून घेतलं. मी खाली सही केली.